जिंगमाय पर्वतावरील प्राचीन चहावने आणि ब्लांग-दाय गावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनच्या युन्नान प्रांतातील जिंगमाय पर्वताला भेट देण्याचा विचार करणाऱ्या मराठी प्रवाशांना ज्या शंका हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रवासाच्या सोयीगैरसोयींइतकेच लक्ष येथील माणसे आणि त्यांचे जंगल यांच्याकडे दिले आहे, कारण त्यांची ओळख करून न घेता तेथे गेल्यास एक हिरवा डोंगर पाहून परत येण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

जिंगमाय पर्वत नेमका कोठे आहे आणि त्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

हा पर्वत युन्नानच्या नैऋत्य भागात, म्यानमारच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या लानत्सांग लाहू स्वायत्त परगण्यात आहे. हा परगणा पु-अर शहराच्या प्रशासकीय हद्दीत मोडतो. या शहराचे पूर्वीचे नाव सिमाओ असे होते आणि २००७ मध्ये ते बदलून पु-अर करण्यात आले. पुढे मेकाँग म्हणून ओळखली जाणारी नदी चीनमध्ये लानत्सांग या नावाने वाहते आणि परगण्याचे नावही तेच आहे.

सौदी अरेबियातील रियाध येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात १७ सप्टेंबर २०२३ रोजी जिंगमायची प्राचीन चहावने सांस्कृतिक भूदृश्य म्हणून युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झाली. त्याच दिवशी आपल्या शांतिनिकेतनचाही या यादीत समावेश झाला होता. चहा हाच ज्याचा गाभा आहे असे हे पहिले जागतिक वारसास्थळ आहे. त्यात पाच मोठी चहावने, नऊ पारंपरिक गावे आणि चहावनांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे जंगलाचे तीन पट्टे येतात. म्हणजे वारशाचा मान केवळ झाडांना मिळालेला नसून झाडे, गावे, राखून ठेवलेले जंगल आणि हे सगळे टिकवणारे गावांचे नियम यांना एकत्रितपणे मिळालेला आहे.

चहावन आणि चहाचा मळा यांत काय फरक आहे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे योग्य ठरेल. मुन्नार, दार्जिलिंग किंवा आसाम पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चहा म्हटले की कमरेइतक्या उंचीवर छाटलेल्या, ओळीने लावलेल्या झुडपांचा उतार उभा राहतो. जिंगमायच्या चहावनांत तसे काहीही दिसत नाही, आणि नव्याने आलेला प्रवासी पुष्कळदा चहावनाच्या मध्यभागी उभा राहून चहा कोठे आहे असे विचारतो.

येथील लोकांच्या पूर्वजांनी साधारण दहाव्या शतकापासून जंगल तोडून नव्हे, तर जंगलाच्या आत चहा लावला. प्रथम जंगलात चहाला मानवेल अशी जागा शोधायची, तेथील दाटी काही प्रमाणात विरळ करायची, मोठे वृक्ष तसेच राखायचे आणि त्यांच्या सावलीत चहा वाढवायचा, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे वनाचे तीन थर तयार होतात : वर उंच वृक्षांचे छत्र, त्याखाली चहाची झाडे आणि जमिनीलगत गवत, औषधी वनस्पती व रानभाज्या. वरचे छत्र कडक ऊन आणि थंडी अडवते. गळालेल्या पानांचे खत होते, आणि झाडांवर राहणारे पक्षी व कोळी किडीचा बंदोबस्त करतात. या चहावनांत रासायनिक खते आणि कीटकनाशके वापरली जात नाहीत, आणि ती वापरण्याची गरजही पडत नाही. दोन चहावनांच्या मध्ये राखलेले जंगलाचे पट्टे वारा अडवतात आणि एका वनात रोग किंवा कीड पडली तर ती दुसऱ्यात जाऊ देत नाहीत.

ही झाडे मोठ्या पानांच्या जातीची आहेत. वनस्पतिशास्त्रात या प्रकाराला आसामवरूनच आसामिका असे नाव मिळाले आहे, त्यामुळे आपल्या घरी रोज उकळणाऱ्या आसाम चहाची आणि जिंगमायच्या झाडांची जात एकच आहे. वृद्ध झाडांच्या खोडांवर शेवाळे, नेचे आणि ऑर्किड वाढलेले दिसतात. काही झाडांवर खेकड्याच्या पायांसारखे सांधे असलेले एक बांडगूळ येते. स्थानिक लोक ते ‘खेकड्याचे पाय’ याच नावाने ओळखतात आणि वाळवून चहासारखे पितात.

या पर्वतावर कोणकोणते समाज राहतात?

मुख्यतः ब्लांग आणि दाय हे दोन समाज येथे राहतात, आणि त्यांच्याबरोबर हानी, वा आणि हान लोकांचीही वस्ती आहे. ब्लांगांना बुलांग असेही म्हणतात. संपूर्ण चीनमध्ये त्यांची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे, आणि चहा लागवडीच्या सर्वांत जुन्या समाजांपैकी एक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांची भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातील आहे. मेळघाटातील कोरकू बांधवांची भाषाही याच मोठ्या कुळाच्या मुंडा शाखेतील आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशाने अवश्य लक्षात ठेवावी. दाय समाजाची भाषा वेगळ्या कुळातील असून थाई आणि लाओ या भाषांना जवळची आहे, आणि आसामचे आहोम व अरुणाचल प्रदेशातील खामती यांचे मूळही याच ताई समूहात आहे.

दोन्ही समाज थेरवादी बौद्ध आहेत, परंतु बुद्धपूजेच्या जोडीला जंगलाच्या, पाण्याच्या आणि चहाच्या देवतांची पूजा अखंड चालत आलेली आहे. गावातील माणसांना या दोन्हींत विसंगती वाटत नाही, आणि पाहुण्यानेही ती शोधत बसू नये.

पा आयलंग हे नाव सतत ऐकू येते. ते कोण होते?

ब्लांग परंपरेनुसार पा आयलंग हे त्यांच्या पूर्वजांना या पर्वतावर आणणारे आणि चहा लावायला शिकवणारे प्रमुख होते. दाय राजघराण्यातील सातव्या राजकन्येशी त्यांचा विवाह झाला, असे कथा सांगते, आणि दोन समाजांच्या जुन्या सोयरिकीची आठवण त्या कथेत जपली गेली आहे. त्यांचा अखेरचा उपदेश येथील लहान मुलांनाही ठाऊक असतो : गुरेढोरे ठेवली तर रोगराईत मरतील, सोनेनाणे ठेवले तर खर्चून संपेल, म्हणून तुमच्यासाठी चहाची झाडे ठेवून जातो, ती पिढ्यान्‌पिढ्या पुरतील.

ही आख्यायिका आहे, परंतु गावाचे आचरण आजही तिच्यावर उभे आहे. चहाच्या प्रत्येक जुन्या बागेत आत्मा-वृक्ष म्हणून मानलेले एक झाड असते. ते त्या बागेत सर्वांत आधी लावलेले झाड मानले जाते, आणि वसंतातील पहिली खुडणी करण्यापूर्वी त्याच्यापुढे नैवेद्य ठेवून परवानगी मागितली जाते. एप्रिलच्या मध्याला ब्लांगांचा शानकांग हा नववर्षाचा सण येतो आणि त्या वेळी मांगजिंग या ब्लांग गावाचे लोक एकत्र जमून चहाच्या पूर्वजांची पूजा करतात. दाय लोकांचा पाणी उडवण्याचा सणही त्याच सुमारास असतो. पा आयलंग यांच्या देवस्थानी जाणे झाले, तर तेथे मोठ्याने बोलू नये आणि पूजेच्या वस्तूंना हात लावू नये.

कोणती गावे पाहावीत?

नऊही गावे पाहण्याचा अट्टाहास करू नये. एक ब्लांग आणि एक दाय गाव शांतपणे पाहणे अधिक फलदायी आहे. ब्लांग गावांपैकी वंगजी हे सर्वांत जुन्या स्वरूपात टिकलेले आहे. लाकडी खांबांवर उभी घरे, उतरत्या छपरांच्या रांगा, जुने बौद्ध मंदिर आणि त्याच्याजवळचा भलामोठा पुरातन सुरू वृक्ष ही त्याची ओळख आहे. दाय गावांपैकी जुने नुओगांग पाहावे. चारही बाजूंनी जंगलाने वेढलेल्या खोलगट जागी ते वसलेले असून, वरच्या वाटेवरून त्याची छपरे एकत्र दिसतात.

दोन्हीकडे गावाच्या मधोमध ‘गावाचे हृदय’ मानलेली खांबांची पूज्य जागा असते आणि घरे तिच्याभोवती रचलेली असतात. त्या जागेवर बसू नये, तिच्यावर सामान टेकवू नये. छपराच्या टोकाकडे पाहिले की घर कोणत्या समाजाचे आहे ते कळते : ब्लांगांच्या छपरावर एक कळी आणि दोन पाने असे चहाचे चिन्ह असते, तर दाय घरावर गुराच्या शिंगांचा आकार असतो. चहावन पाहण्यासाठी जिंगमाय दाझाय या मोठ्या गावाजवळचे दापिंगझांग वन सोयीचे आहे, आणि मांगजिंग परिसरातील वने अधिक निवांत आहेत.

कोणत्या महिन्यांत जावे?

येथील हवामान मोसमी आहे, आणि मे ते ऑक्टोबर या काळात पाऊस असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने कोरडे असतात. पहाटे दऱ्यांमध्ये ढगांचा समुद्र भरतो आणि दुपारी छान ऊन पडते. सकाळ-संध्याकाळ मात्र चांगलीच थंडी असते, त्यामुळे लोकरी कपडे हवेत. सबंध चीनमध्ये बीजिंगची वेळ पाळली जाते आणि हा पर्वत देशाच्या पश्चिमेकडील भागात आहे. म्हणून हिवाळ्यात घड्याळात आठ वाजत आले तरी सूर्य नुकताच उगवत असतो.

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत वसंतातील खुडणी चालते, आणि चहा तयार होताना पाहायचा असेल तर याच दिवसांत जावे. तथापि हाच काळ गावकऱ्यांच्या वर्षभराच्या कमाईचा असतो. दिवसभर खुडलेली पाने संध्याकाळी कढईत परतावीच लागतात, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत घरात काम चालते. अशा वेळी यजमानाकडून गप्पांची आणि सरबराईची अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

तेथे कसे पोहोचावे?

भारतीय पारपत्रधारकांना चीनचा व्हिसा आधीच काढावा लागतो. भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा २०२० पासून बंद होती आणि ऑक्टोबर २०२५ अखेरीस ती पुन्हा सुरू झाली. मार्ग आणि वेळापत्रक सतत बदलत असल्याने तिकीट काढताना ताजी माहिती घ्यावी. बँकॉकमार्गे युन्नानची राजधानी कुनमिंग येथे जाणे हा अनेकांना सोयीचा पर्याय वाटतो.

कुनमिंगहून पुढे दोन मार्ग आहेत. लानत्सांगजवळ २०१७ मध्ये सुरू झालेला जिंगमाय विमानतळ आहे, आणि तेथून पर्वताच्या पायथ्याचे हुइमिन हे ठिकाण मोटारीने गाठता येते. दुसरा मार्ग रेल्वेचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या चीन-लाओस रेल्वेने सुमारे तीन तासांत पु-अर गाठता येते, किंवा आणखी पुढे शिश्वांगबान्ना स्थानकावर उतरता येते, आणि तेथून डोंगरी रस्त्याने काही तासांचा मोटारप्रवास राहतो. लाओसमध्ये आधीच असलेल्या प्रवाशाला व्हिएन्तियानहून याच रेल्वेने सीमा ओलांडून येता येते. सवड असेल तर रेल्वेच निवडावी, कारण एकामागून एक बोगदे आणि मधूनच उघडणाऱ्या हिरव्या दऱ्या यांतून या प्रदेशाची रचना नीट कळते.

पर्वतावरचे काही रस्ते दगड बसवून केलेले आहेत, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले आहेत. बाहेरच्या वाहनांवर निर्बंध असतात, त्यामुळे मुक्कामाच्या घराशी आधी बोलून वर जाण्याची व्यवस्था ठरवून घ्यावी.

गावात मुक्काम करता येतो का?

होय, आणि तो करावाच. अनेक कुटुंबे आपल्या घरात दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतात. शिश्वांगबान्नाहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या सहली टाळाव्यात असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण त्या दुपारच्या गर्दीच्या वेळी पोहोचतात आणि पहाट व रात्र या दोन्ही वेळा हातच्या जातात. किमान दोन रात्री राहावे.

चीनमध्ये परदेशी व्यक्तीने मुक्कामाच्या ठिकाणाची पोलिसांकडे नोंद करणे बंधनकारक आहे. हॉटेल ही नोंद स्वतः करते, परंतु खासगी घरात राहिल्यास चोवीस तासांच्या आत ती करावी लागते. परदेशी पाहुण्याची नोंद करण्याची सोय आहे का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. नाहीतर आयत्या वेळी यजमान अडचणीत येतो.

घरात, मंदिरात आणि वनात कसे वागावे?

मंदिरात आणि वरच्या मजल्यावरील घरात पादत्राणे काढावीत, हे आपल्याला सांगावे लागू नये. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. जुन्या घरात मध्यभागी चूल पेटलेली असते. ती ओलांडू नये, तिच्यावरच्या तिवईला पाय लावू नये आणि तीत कचरा टाकू नये. वृद्ध व्यक्तींचे व बालभिक्षूंचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. नकार मिळाला तर पुन्हा विचारू नये.

वनात चहाच्या झाडावर चढू नये, फांदी वाकवू नये आणि आठवण म्हणूनसुद्धा पान खुडू नये, कारण प्रत्येक झाडाचा कोणीतरी मालक आहे आणि त्याच्या घरचा वर्षभराचा खर्च त्या पानांवर चालतो. आगीबाबत विशेष दक्षता घ्यावी. युन्नानमधीलच वंगदिंग हे वा समाजाचे जुने, गवती छपरांचे गाव १४ फेब्रुवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत जवळजवळ संपूर्ण जळाले. लाकडी घरे एकमेकांना लागून असलेल्या वंगजी-नुओगांगसारख्या गावांत एखादे पेटते थोटूक किती अनर्थ करू शकते, हे त्यावरून समजून घ्यावे.

शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतात का?

थोडी तयारी केली तर होत नाहीत. चिकट भात, बांबूच्या नळीत शिजवलेला भात, रानभाज्या, भोपळा, टोफू आणि पावसाळ्यात अळंबी हे सगळे येथे मिळते. ताज्या चहाच्या पानांची कोशिंबिरीसारखी कालवलेली भाजीही मिळते, आणि अंडे चालत असेल तर चहाच्या कोवळ्या पानांचे ऑम्लेट घ्यावे. अडचण एवढीच की भाजीतही डुकराची चरबी किंवा मांसाचे बारीक तुकडे घालण्याची पद्धत आहे. म्हणून ‘मांस, मासे, चरबी आणि हाडांचे सार नको’ हे चिनी भाषेत लिहिलेला कागद जवळ ठेवावा आणि स्वयंपाकाला सुरुवात होण्यापूर्वीच दाखवावा. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तेही त्यात लिहावे. जैन पद्धतीचे काटेकोर जेवण हवे असणाऱ्यांनी कोरडा शिधा बरोबर नेणे हेच खात्रीचे आहे.

तेथे दूध-साखरेचा चहा मिळतो का? तेथील चहा कसा असतो?

गावात दूध-साखरेचा चहा प्यायला जात नाही, आणि येथे येऊन तो मागूही नये. येथे प्यायला जातो तो पु-अर चहा. खुडलेली पाने थोडी सुकवून मोठ्या कढईत हाताने परततात, मग मळतात आणि उन्हात वाळवतात. वाफ देऊन या चहाच्या वड्या दाबल्या की ‘कच्चा’ पु-अर तयार होतो, आणि तो वर्षानुवर्षे मुरत जातो. गोल वडी साधारणतः ३५७ ग्रॅमची असते आणि अशा सात वड्यांचा एक जुडगा बांधतात. ‘पिकलेला’ पु-अर हा त्यामानाने नवा प्रकार असून, ओलसर ढिगात चहा लवकर मुरवण्याची त्याची पद्धत १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या चहा कारखान्यात बसवली गेली.

जिंगमायच्या कच्च्या चहाला ऑर्किडच्या फुलासारखा गंध असतो अशी त्याची ख्याती आहे. यजमान लहान पेल्यांत पुन्हा पुन्हा चहा ओततो आणि एकाच पानांतून दहा-बारा फेऱ्या सहज निघतात. पहिल्या घोटाला कडवटपणा जाणवतो आणि काही क्षणांनी घशात गोडवा उतरतो. त्यासाठी थांबावे, घाईने पेला रिकामा करू नये. उपाशीपोटी कच्चा पु-अर भरपूर पिऊ नये, त्याने अनेकांना मळमळते. चुलीवर मातीच्या भांड्यात पाने भाजून मग पाणी ओतलेला खरपूस चहा मिळाला तर अवश्य घ्यावा.

चहा विकत घेताना कोणती काळजी घ्यावी?

‘प्राचीन वृक्षाचा चहा’ या शब्दांना बाजारात मोठी किंमत मिळते, म्हणून ते शब्द सर्रास वापरले जातात. हजार वर्षांचे एकच झाड आणि त्याच्याच पानांची वडी, असा दावा कोणी केला तर तेथून निघावे. शहरातील दुकानापेक्षा ज्या घरी राहिलो त्याच कुटुंबाकडून, चव घेऊन, थोडाच चहा घ्यावा. बाहेरचा चहा पर्वतावर आणून जिंगमायच्या नावाने विकला जाऊ नये यासाठी गावांनी बंदी घातलेली आहे, त्यामुळे वर घेतलेल्या चहाची खात्री तुलनेने अधिक असते. घासाघीस अगदी टोकाला नेऊ नये. घरी आणल्यावर ही वडी मसाल्यांपासून दूर, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवू नये.

भाषा, पैसे आणि फोन यांचे काय?

इंग्रजी जवळजवळ चालत नाही. चिनी भाषांतर करणारे ॲप इंटरनेटशिवाय चालेल असे आधीच उतरवून घ्यावे. व्यवहार मुख्यतः अलीपे आणि वीचॅट या मोबाइल ॲपवरून होतात. त्यांना आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येते, आणि ते काम भारतातूनच करून ठेवावे. यूपीआय चालत नाही, म्हणून थोडे रोख युआन जवळ हवेत. स्थानिक जोडणीवर गूगल आणि व्हॉट्सॲप उघडत नाहीत. भारतीय क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर ते साधारणपणे चालतात.

पर्यटकांच्या वर्दळीने ही गावे बिघडणार नाहीत का?

ही भीती रास्त आहे, आणि ती गावकऱ्यांनाही वाटते. वारसा यादीत नाव येताच गर्दी वाढली, आणि चहाच्या वाढलेल्या किमतींनी सुबत्तेबरोबर मोहही आणला. जास्त पाने खुडणे, जुन्या घराच्या जागी काँक्रीटचे घर बांधणे, आलेल्या प्रत्येकाला खोली देता यावी म्हणून मजले चढवणे, असे हे मोह आहेत. जमेची बाजू ही की येथील संरक्षण केवळ वरून आलेल्या कायद्यावर उभे नाही. कोणत्या झाडाला विश्रांती द्यायची, जंगलाच्या कोणत्या पट्ट्याला हात लावायचा नाही, याचे गावांचे स्वतःचे नियम फार जुने आहेत, आणि चीनच्या इतर भागांत झुडपी मळे पसरले त्या काळातही ही वने त्यांच्याच बळावर उभी राहिली. गावातील नव्या लागवडीतही गेल्या काही वर्षांत झुडपे विरळ करून मधे सावलीची झाडे लावली गेली आहेत.

पाहुणा म्हणून आपल्या हातात थोडेच आहे, पण ते निश्चित आहे. लहान गटाने जावे, गावातील घरातच पैसे खर्च करावेत, आपला प्लास्टिकचा कचरा आपणच खाली न्यावा आणि पारंपरिक पोशाख घालून नाचून दाखवण्याची मागणी करू नये.

ज्येष्ठ नागरिकांना हा प्रवास झेपेल का?

पर्वताची उंची साधारण १,२०० ते १,६०० मीटर, म्हणजे महाबळेश्वराच्या आसपास आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास होत नाही. गावातील दगडी पायऱ्या आणि वनातील ओल्या वाटा मात्र निसरड्या असतात. पकड असलेले बूट आणि काठी जवळ असावी, पावसाळ्यात जळवांपासून बचावासाठी लांब मोजे घालावेत. रोजची औषधे चिठ्ठीसह पुरेशी न्यावीत, कारण सुसज्ज रुग्णालयासाठी खाली शहरातच यावे लागते.

हाताशी आणखी दोन दिवस असतील तर काय पाहावे?

लानत्सांग परगण्यातच लाओदाबाओ हे लाहू समाजाचे गाव आहे. तेथील शेतकरी स्त्री-पुरुष गिटारवर स्वतःची गाणी रचतात आणि गातात. चहा-घोडा मार्गाच्या जुन्या खुणा पाहायच्या असतील तर पु-अरजवळचे नाकेली गाव गाठावे. तेथे खेचरांचे तांडे ज्या फरसबंदी वाटेने चहा घेऊन जात, तिचा काही भाग आजही पायी चालता येतो.